बकऱ्यांच्या कोठ्यातलं पोतं

कोरा कागद समोर आला की जमादार आधी त्यावर तळहात ठेवायचे. झोपलेल्या लेकराच्या पाठीवर ठेवतात तसा, सपाट. मग समोरच्या माणसाकडे पाहून विचारायचे, "तुनं पाह्यलं, का कोणी सांगतलं?" उत्तर येईपर्यंत हात उचलायचा नाही. पेन दुसऱ्या हातात, टोपण लावलेलं.

हायवेपासून थोडं आत असलेल्या आमच्या ठाण्यात ते रायटर होते. रायटर म्हणजे तपास करणाऱ्या साहेबाचं सगळं लिखाण करणारा माणूस. फिर्याद, जबाब, पंचनामा, सगळं त्यांच्या हातचं. हुद्द्यानं सहायक फौजदार, पण आम्ही जमादारच म्हणायचो. मी त्याच ठाण्यात हवालदार, काम्प्युटरवर बसणारा. तुमच्याही कचेरीत असा एकजण असेल, ज्याच्या कामावर सगळे मान डोलावतात आणि तुमचं काम झाल्यावर नुसतं "झालं का?" विचारतात. असेल तर पुढचं तुम्हाला फार समजावून सांगावं लागणार नाही. मला त्यांचा हेवा वाटायचा, असं लिहिलं तर तो शब्द सौम्य होईल. मी जळायचो.

एकदा एक म्हातारा आला. त्याची बकरी चोरीला गेली होती.

"शेजाऱ्यानं नेली," तो म्हणाला.

"तुनं पाह्यलं, का कोणी सांगतलं?"

"पाहाले कायले लागते जमादार? काल त्याच्या घरून मटणाचा वास आलता."

"मंग वास आलता असं लिवतो. बकरी नाई लिवत."

"वासावर भेटन का मले बकरी?"

"ते पाहू. पण त्याच्या घरी पाहुणे आले असन अन् त्यानं खाटकाकून आणलं असन, तं उद्या तू त्याले तोंड कसं दाखवशीन?"

दोन दिवसांनी बकरी पलीकडच्या गावच्या कळपात सापडली. म्हातारा जमादारांसाठी शर्टाच्या ओच्यात तुरीच्या ओल्या शेंगा घेऊन आला. त्या आम्ही सगळ्यांनी उकडून खाल्ल्या. मी खाल्ल्या आणि मनात म्हटलं, त्या बकरीचा रिपोर्ट काम्प्युटरवर चढवला कोणी? मी.

जमादार दिग्रसकडच्या एका बंजारा तांड्यातले. "माह्या आज्याचा बाप बैलावर मीठ घेऊन फिरे, मी कागद घेऊन फिरतो," असं ते हसून सांगत. त्यांच्या पंचनाम्यात घराचं तोंड कुठे, दारातून शिरताना रांजण कोणत्या हाताला, कुडाला भोक आहे की नाही, सगळं यायचं. सरकारी वकीलबाई एकदा आमच्या साहेबांसमोर म्हणाल्या, "जमादारांचा पंचनामा वाचला की जागेवर जाऊन आल्यासारखं वाटतं." मी तिथंच उभा होतो, त्याच पंचनाम्याची प्रिंट हातात घेऊन.

माझी एक गोष्टही सांगून टाकतो. मी जुन्या रिपोर्टवरून नवा रिपोर्ट तयार करायचो, नाव-गाव बदलायचो, की काम झालं. एकदा विहिरीत बुडून मेलेल्या माणसाच्या रिपोर्टमध्ये मागच्या अपघाताची ओळ राहून गेली. 'सदर मयत हा भरधाव वेगाने व निष्काळजीपणे येत असता' विहिरीत पडला. ठाण्यात आठवडाभर हशा. जो तो मला विचारायचा, "काय हवालदार, विहिरीले ब्रेक नोयते का?" जमादार हसले नाहीत. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "काम्प्युटर, पुढच्या डाव पाठवाच्या आधी मले वाचाले देत जाय." मला ते काम्प्युटरच म्हणायचे, लाडानं. त्या दिवशी ते इतरांसारखे हसले असते तर मी त्यांना माफ केलं असतं.

मग नवे कायदे आले. झडती, जप्ती, सगळ्याचं मोबाईलवर शूटिंग करायचं आणि ॲपवर चढवायचं असं ठरलं. यवतमाळला ट्रेनिंग झालं, ठाण्यातून मला पाठवलं. परत आलो तेव्हा मी दोन इंच उंच झालो होतो. आता कागदाचे दिवस गेले, असं मी येता-जाता बोलायचो, जमादारांना ऐकू जाईल इतक्या आवाजात.

त्यांना काहीच लागलं नाही. ते वही घेऊन माझ्याकडे शिकायला आले. वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'आधी लाल टिकली दाबणे. आकडे पळतात का पाहणे.' आणि म्हणाले, "हे चांगलं झालं बाप्पा. कोणाले मारलं का नाई मारलं, दिसन तरी. माह्या एकट्यावर कायले भरोसा ठेवा कोणी?" मनापासून म्हणाले. मी वाट पाहत होतो की ते यंत्राला नावं ठेवतील. तेवढंही त्यांनी माझ्यासाठी केलं नाही.

त्या हिवाळ्यात एका गावची विजेची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, फोडून कोणीतरी आतलं तांबं नेलं. हरभऱ्याला पाणी देण्याचे दिवस, सगळ्यांच्या मोटारी बंद. गाव चिडलेलं. खबर मिळाली की माल जवळच्या तांड्यात आहे. एका माणसाचं नाव पुढे आलं. चाळिशीचा, आधीच्या दोन केसेस असलेला. दुपारी आम्ही गेलो: तरणे फौजदार साहेब, जमादार, मी, दोन शिपाई आणि दोन पंच.

पोतं सापडलं. तांड्याच्या कडेला बकऱ्यांचा एक कोठा, म्हणजे गोठा होता, चार घरांच्या बकऱ्या एकत्र बांधायचा. कोठ्याला ना दार, ना कुलूप. तिथं कडब्याखाली तांब्याच्या तारांचं पोतं. मी मोबाईल धरून उभा होतो. शिपायांनी पोतं बाहेर ओढलं, आणि तेव्हा मला दिसलं की आकडे पळतच नव्हते. मी लाल टिकली दाबलीच नव्हती.

मागच्याच महिन्यात शूटिंग नाही म्हणून साहेबांना वरून बोलणी बसली होती. ते पांढरे पडले. मी म्हणालो, "साहेब, परत ठेवू अन् परत काढू." साहेबांनी मान डोलावली. कोठ्यात अंधार होता, छप्पर ठेंगणं, पडद्यावर नुसतं काळं येत होतं. मग मीच म्हणालो, "त्याच्या घरात लाईट हाय साहेब, अन् घरी कोणी नाई. बाजेखाली ठेवून घेऊ."

इतकी वर्षं पोलिसात काढलेल्या माणसाला चार घरांचा उघडा कोठा आणि एका माणसाच्या घरातली बाज यातला फरक कळत नसेल का? घाईत लक्षात आलं नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. मला कळत होतं.

जमादार तेव्हा बाहेर दगडावर बसून पंचनामा लिहीत होते. पोतं घरात जाताना दिसलं तसे ओरडले, "कायले नेऊन राह्यले बे ते?"

"शूटिंगसाठी जमादार. पह्यलं झालंच नाई."

"मंग झालं नाई असं लिवू ना. त्यात का लाज हाय?"

साहेब पोत्यामागून घरात शिरले. आम्हीही आत गेलो. मी लाल टिकली दाबली, आकडे पळाले, शिपायानं बाजेखालून पोतं ओढलं. बाहेर जमादार पंचांना पंचनामा वाचून दाखवत होते, त्यांच्या गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेत. मराठीत लिहायचं आणि सहीआधी पंचाला त्याच्या बोलीत वाचून दाखवायचं, ही त्यांची नेहमीची रीत. त्या कागदात पोतं बकऱ्यांच्या कोठ्यातच होतं. त्यांनी एक अक्षर बदललं नाही. मी शूटिंग ॲपवर चढवलं आणि ते खरं आहे, त्यात फेरफार नाही, अशा प्रमाणपत्रावर सही केली.

त्या माणसाला पकडून जेलात टाकलं. तारखेला तो जेलातूनच पडद्यावर दिसायचा आणि सांगायचा, "माह्या घरात काही नोयतं साहेब." जामिनाच्या वेळी त्याच्या फुकट मिळालेल्या वकिलानं दाखवून दिलं की कागद एक सांगतो आणि शूटिंग दुसरं. कागद आणि शूटिंग यात लोक कशावर विश्वास ठेवतात, तुम्हीच सांगा. जामीन नाकारला गेला, आणि कागद लिहिणाऱ्याची चौकशी लागली.

वरच्या साहेबांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. फौजदार साहेबांनी आणि शिपायांनी 'एकदाच काढलं' असं आधीच लिहून दिलं होतं; पंच तांड्यातलेच, म्हणून त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. "पोतं एकदा काढलं का दोनदा?" वरच्या साहेबांनी विचारलं.

"दोनदा साहेब," जमादार म्हणाले. "यालेच विचारा ना. यानंच तं शूटिंग काढलं." आणि माझ्याकडे पाहिलं. काळजीनं नाही, अगदी निवांत. मी आहे म्हटल्यावर त्यांचं काम झालंच होतं.

"एकदाच साहेब," मी म्हणालो.

जमादारांना बाहेर बसवलं. मला कोणी काही विचारलं नव्हतं. दार लागल्यावर मी आपल्या मनानं म्हणालो, "साहेब, ते त्यायच्यातलेच हायेत."

एवढं एकच वाक्य. साहेबांनी ते लिहून घेतलं. आपल्या माणसाला वाचवायला पंचनामा बदलला, असा अर्थ त्यातून आपोआप निघाला.

बाहेर आलो तर जमादार बाकावरून उठले. "झालं का? चाल, चहा पेऊ." आम्ही चहा प्यायलो. त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. टपरीवाल्याला मात्र म्हणाले, "याच्यात साखर कमी टाक, याले चालत नाई." माझी शुगर त्यांच्या लक्षात होती.

त्यांच्याकडून लिखाण काढलं. मुख्यालयात कुठल्याशा गोदामावर बसवलं. तिथूनच रिटायर झाले, चौकशी डोक्यावर घेऊन. चार महिन्यांत गेले. तांड्यावर मातीला आमच्या ठाण्यातून दोघंच गेलो. मी सगळ्यात मागे उभा राहिलो.

त्यांचं टेबल मला मिळालं होतं. ते मला हवं होतं, म्हणून तुम्हाला हेही सांगितलं.

मग केस चालली, आणि साक्षीला मी उभा राहिलो. कोर्टात पडद्यावर माझं शूटिंग लावलं. ते मी पन्नासदा पाहिलं होतं. बाज, पोतं, शिपायाचा हात. मागे कोणाचा तरी बारीक आवाज, ज्याला मी नेहमी बाहेरचा गलका समजत आलो. पिंजऱ्यातल्या माणसानं एकदम मान वर केली आणि वकिलाला हाताने बोलावलं. त्यानं ते शूटिंग कधी पाहिलंच नव्हतं.

वकिलानं आवाज वाढवायला सांगितला. मोठ्या आवाजात ते गोरबोलीतलं बोलणं सगळ्यांना ऐकू आलं. कळलं फक्त त्यालाच.

"जमादार वाचून राह्यले साहेब," तो न्यायाधीशांना म्हणाला. "चार घरायचा बकऱ्यायचा कोठा, त्याले दार नाई, कडब्याखाली पोतं, असं वाचून राह्यले."

पडद्यावर तर पोतं अजून बाजेखालून निघत होतं.

दहा वर्षं मी त्यांच्या शेजारी बसलो आणि त्यांच्या बोलीतले दहा शब्द शिकलो नाही. माझ्या मोबाईलवर, माझ्या सहीच्या प्रमाणपत्राखाली त्यांची साक्ष इतके दिवस पडून होती. त्या क्षणी आधी काय वाटलं सांगू? शरम नंतर आली. आधी वाटलं, इथंही जमादारच पुढे.

"हा आवाज कोणाचा?" वकिलानं मला विचारलं.

कोणी गावकरी असेल, असं म्हणता आलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण समोर ते वाचतच होते, थांबत नव्हते. मी म्हणालो, "जमादारांचा." आणि मग सगळं सांगितलं. टिकली, कोठा, बाज, केबिनमधलं ते वाक्यसुद्धा.

मी सध्या निलंबित आहे. चौकशी चालू आहे, आणि ती योग्य आहे. तांबं कोणी नेलं ते आजही माहीत नाही.

निकालाच्या दिवशी मी साध्या कपड्यांत कोर्टात गेलो. मला कोणी बोलावलं नव्हतं. माणूस निर्दोष सुटला. त्याची बायको आवारात लिंबाखाली उभी होती. तिनं मला ओळखलं.

"तुमी ते शूटिंगवाले ना? ते वाचणारे जमादार कुठी हायेत? आले नाई का?"

तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. तिनं नवऱ्याला जवळ बोलावलं आणि मला म्हणाली, "त्यायचं घर कुठी हाय?"

मी रस्ता सांगितला. यवतमाळात गाडी बदला, दिग्रसची पकडा, अलीकडच्या फाट्यावर उतरा, तिथून तांडा चालत. तिनं ते नवऱ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, चुकू नये म्हणून. मग दोघं स्टँडकडे निघाले.

त्यांनी माझं नाव विचारलं नाही. आणि एवढं सगळं झाल्यावरही, तुमच्यापासून लपवत नाही, विचारावं असं मला वाटत होतं.