विटाळाची साक्ष

माझी सासू कमलिनी वारली तेव्हा भिलाईच्या रिसालीतल्या आमच्या क्वार्टरांच्या ओळीतल्या बाया म्हणाल्या, मोठं सोवळं पाळणारी बाई गेली. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात. पण मी स्वतः मरता मरता वाचले, त्याबद्दल बोलायला बंदी नाही.

ती आर्वीकडची. तिचा नवरा लवकर गेला. मुलगा देवानंद, म्हणजे माझा नवरा, स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात क्लार्क लागला, तशी ती त्याच्यामागे भिलाईला आली आणि सगळा विटाळ गाठोड्यात बांधून सोबत घेऊन आली. दोन खोल्यांचं क्वार्टर, एका बाजूला बिहारी, दुसऱ्या बाजूला मल्याळी. ते काही पाळत नव्हते, म्हणून ही त्यांच्या वाटचंही पाळायची. मी बाहेरची झाले की मागच्या व्हरांड्यात चटई, वेगळं ताट, पाणी वरून ओतायचं. वर फाटकात उभी राहून सांगायची, "आमची शालू बसली हाय." प्लांटचा भोंगा आणि माझी पाळी, दोन्ही सगळ्या ओळीला ऐकू जायचं.

लग्नाला तीन वर्षं झाली होती, पोर नव्हतं. एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात पाळी लांबली. आशा वाटली, पण बोलले नाही. मग एका सकाळी कपड्याला डाग दिसला. "आली एकदाची," म्हणत सासूनं चटई टाकली. मी भिंतीकडे तोंड करून रडले. नेहमीसारखं जात नव्हतं, नुसते काळपट डाग. आणि उजवीकडे, ओटीपोटात, जीव जाईल अशी कळ.

"आत्याबाई, लय दुखून राहिलं."

"सगळ्याइलेच दुखते. नखरे नोको करू."

जवळ येऊन पोटाला हात लावण्याचा प्रश्नच नव्हता. शिवली असती तर तिला पुन्हा अंघोळ करावी लागली असती ना!

चार दिवस झाले, डोक्यावरून न्हाले, शुद्ध झाले, आणि कणीक मळता मळता चक्कर येऊन पडले. देवानंदनी रिक्षा आणली. जवळच्या डॉक्टरांनी मला सोडून सासूला विचारलं, पाळी कधी आली होती?

"आताच चार दिवस बसून न्हाली."

मी तोंड उघडलं. "तू गप. मी सांगून राहिली ना," ती म्हणाली. संपलं! पाळी येऊन गेली म्हणजे पोटुशी नाही, हे त्या शिकलेल्या माणसानं तिच्या तोंडून ऐकलं आणि मान हलवली. अपेंडिक्स असेल म्हणाले, आणि दुर्गला सोनोग्राफी करायला पाठवलं. तेवढी एक अक्कल त्यांना सुचली.

दुर्गला ते मशीन नवंच आलं होतं. लघवीची पिशवी भरलेली असली तरच नीट दिसतं, म्हणून मला पाणी प्यायला लावलं. घोटाघोटाला डोळ्यांपुढे अंधारी येत होती. डॉक्टरीणबाईंनी पोटाला गार चिकट औषध लावून यंत्र फिरवलं, आणि पडद्याकडे बघता बघता त्यांचा हात थांबला.

"माहवारी कब आई थी?"

"चार दिन बैठी थी," सासू म्हणाली.

"माँजी, मैंने इनसे पूछा है।"

तीन वर्षांत मला कोणी माझ्याबद्दल मलाच विचारलं नव्हतं. मी सांगून टाकलं. लांबली होती. पाळी नव्हती, नुसते डाग होते.

बाईंनी देवानंदना आत बोलावलं. गर्भपिशवी रिकामी आहे, म्हणाल्या. गर्भ उजव्या नळीत राहिला, नळी फुटली, पडद्यावर हे काळं दिसतंय ते पोटात साचलेलं रक्त. आत्ताच्या आत्ता ऑपरेशन.

"मशीन खोटी हाय," सासू कडाडली. "चार दिवस बसली होती! ओळीतल्या बाया साक्षी हायेत!"

आणि देवानंद? ते आईच्या तोंडाकडे बघत उभे. माझ्या पोटात रक्त साचत होतं आणि हा माणूस कोणाचं खरं मानावं याचा विचार करत होता. मी टेबलावरूनच ओरडले, "मले नेता का आईले इचारत बसता?"

नेलं. वाचले. नळी गेली, पोर गेलं.

शुद्धीवर आल्यावर सासू भेटायला आली. ते रक्त पाळीचं नव्हतंच, हे डॉक्टरांनी तिला एव्हाना नीट समजावलं होतं. ती कॉटपासून हातभर लांब उभी राहिली. मला वाटलं, आता तरी डोक्यावरून हात फिरवेल.

"म्हंजे तू बाहेरची नव्हतीच!" ती म्हणाली. "चार दिवस फुकटचा सैपाक करून घेतला माह्याकडून."

टाके ओले होते म्हणून, नाहीतर तिथेच उठले असते.

टाके सुकले, पुढे खरी पाळी आली. मी कोणाला सांगितलं नाही. पोळ्या केल्या, झुणका केला, तिला पोटभर वाढलं. तिनं एक पोळी जास्तच घेतली. हात धुवायला उठली तेव्हा मी म्हटलं, "आत्याबाई, मी सकाळपासून बाहेरची हाय."

तिनं कपाळ बडवलं, रडली, पुढच्या दोन्ही वेळचं जेवण टाकलं. मी तिला जेव म्हटलं नाही.