आंब्याची सोललेली साल

बेळगावला कॉलेजात शिकत असताना झाडाच्या खोडाचा धडा मी अर्धाच ऐकला. सर फळ्यावर एकात एक वर्तुळं काढून सांगत होते. आत लाकूड, त्यातून मुळांनी ओढलेलं पाणी वर चढतं. बाहेर साल, तिच्या आतल्या अंगानं पानांनी तयार केलेलं अन्न खाली मुळांकडे उतरतं. दोहोंच्या मधे एक कोवळा, बुळबुळीत थर, त्यातूनच नवं लाकूड आणि नवी साल तयार होते. मग म्हणाले, फळ न धरणाऱ्या झाडाच्या सालीचं कडं काढलं तर अन्न वरच अडतं आणि झाड मोहरतं. एवढ्यात घंटा झाली. राहिलेला भाग पुढच्या तासाला होता, पण गणपतीची सुट्टी लागत होती आणि मला लोंढ्याकडची गाडी गाठायची होती. तो तास मी सरळ बुडवला.

खानापूरजवळच्या आमच्या गावी, परसात आत्याचा आंबा होता. विधवा होऊन माहेरी आली त्या वर्षी तिनं स्वतः कोय लावलेली. त्या घरात आपलं म्हणावं असं तिच्याजवळ तेवढंच होतं. झाड चांगलं दांडगं झालं, पण एक कैरी धरेल तर शपथ. वडील दर उन्हाळ्यात ते तोडायची भाषा करायचे आणि आत्या दर उन्हाळ्यात दोन दिवस जेवायची नाही. मी तिला छाती पुढे काढून सांगितलं, "आत्या, पुढच्या वर्षी तुला तुझ्या झाडाचे आंबे खायला घालतो." कॉलेजचं वारं नुकतंच लागलं होतं.

कोयता घेऊन खोडाभोवती चार बोटं रुंद साल काढली. खालचा बुळबुळीत थर बोटांना लागला, तोही खरवडून लाकूड कोरडं केलं. काम कसं चोख व्हायला हवं! वर शेणमातीचा लेप दिला, गोणपाट बांधलं आणि वाळवीचं औषध लावलंय असं घरात ठोकून दिलं. कोयता लावला म्हटलं असतं तर आत्यानं घर डोक्यावर घेतलं असतं.

झाड मोहरलं. परीक्षेच्या तोंडावर मी मित्राची वही मागून आणली, तेव्हा बुडवलेला तास वाचायला मिळाला. कडं अगदी अरुंद हवं, मधला थर खरवडायचा नाही, नाहीतर साल पुन्हा जुळत नाही आणि मुळं उपाशी मरतात. मिळेल ती गाडी धरली. पण घरी गेलो तर झाड कैऱ्यांनी लगडलेलं. म्हटलं, वहीत काय, काहीही लिहिलेलं असतं.

त्या उन्हाळ्यात आत्यानं पाट्या भरभरून गावात आंबे वाटले. शेजारच्या आक्काला तर हाताला धरून झाडाखाली आणलं. ही आक्का तिची जिवाभावाची मैत्रीण. तिला मूलबाळ नव्हतं, आणि लहानपणी मी निम्मा तिच्याच सोप्यात वाढलेला. वर बघत ती म्हणाली, "आगं बाई, लई आंबं! डोळ्यांत मावंनात गं."

पावसाळ्यातच पानं पिवळी पडू लागली. दिवाळीला मी गोणपाट गुपचूप सोडून पाहिलं. साल कुठंच जुळली नव्हती. मी ते पुन्हा घट्ट बांधलं. शिमग्यापर्यंत झाड उभ्याउभ्या वाळलं.

आत्यानं मीठमिरच्या ओवाळून झाडाची दृष्ट काढली. निखाऱ्यांचं खापर धरून शेजारी मीच उभा होतो. मिरच्यांचा ठसका आला नाही तशी ती म्हणाली, "बघ, किती जबर नजर हाय! तिचीच. पोटाला पोर न्हाय, दुसऱ्याचं भरलेलं बघवंना तिला." मी खापर खाली ठेवलं आणि हात धुतले. तेव्हा बोलायला हवं होतं. आत्या मला बदडून मोकळी झाली असती, फार तर वर्षभर अबोला धरला असता. मला तेवढंही सोसवणार नव्हतं.

आत्यानं आक्काशी बोलणं तोडलं. तिचं बघून गावातल्या बायकाही आक्का दिसली की लेकरांचं तोंड झाकू लागल्या, हळदीकुंकवाला तिला वगळू लागल्या. आत्या गेली तेव्हाही दोघींचा अबोला तसाच होता. आता कुणाला सांगायचं, असं म्हणून मी तेव्हाही सुटका करून घेतली. जणू आक्का माणसात नव्हतीच.

मग माझ्या मुलाचं बारसं आलं. बायकोला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, तिनं आक्काला आवतण दिलं. आक्का आली ती दारातच थांबली. डोळ्यांवर पदर ओढून तिनं हातानं शिवलेली कुंची उंबऱ्यावर ठेवली.

"आत ये की, आक्का. बाळ बघ."

"नगो रं. माझी नजर वाईट हाय. तुझ्या आत्तीचं सोन्यासारखं झाड खाल्लं मी."

"असलं काही नसतं, आक्का."

"तू शिकल्याला. तुला असलं काय ठावं न्हाय," ती समजूत घातल्यासारखी म्हणाली.

ते झाड कशानं मेलं हे मला एकट्यालाच ठाऊक होतं. मी म्हटलं, "चहा तरी घेऊन जा." तिनं पदराआडून मान हलवली आणि भिंतीला हात लावत, पाळण्याकडे पाठ करून पायऱ्या उतरली.