चढाईत उत्तर द्यायचं नाही

ओवे गावातल्या आमच्या घरात टोमण्याला उत्तर दिलं नाही तर माणूस आजारी आहे असं समजतात. आई, दोघी काकू आणि सगळ्यांवर कडी म्हणजे आत्या. तिच्या तोंडाला तोंड देत मी मोठी झाले आणि त्याच सवयीनं माझी कबड्डी जवळजवळ बुडवली.

चढाईला गेलं की परत येईपर्यंत ‘कबड्डी, कबड्डी’ थांबवायचं नसतं. थांबलात की बाद. दमात मी कधीच कमी पडले नाही, फुप्फुसं दणकट आहेत माझी. पण पलीकडची पोरगी “ये गं म्हशी” म्हणाली की मी चढाई सोडून तिला विचारायची, “म्हैस कोणाला म्हणतेस?” शिट्टी वाजायची. पहिल्यांदा सगळे हसले. उपांत्य सामना त्यामुळे हरलो तेव्हा कुणी हसलं नाही. सर म्हणाले, “पुढच्या स्पर्धेतून जिल्ह्याचा संघ निवडणार आहेत. परत तोंड उघडलंस तर संघ विसर.”

मला तो संघ हवाच होता. दुसरं काही सुचत नव्हतं. सरांनीच मला पनवेलला स्टेशनजवळच्या एका मॅडमकडे धाडलं. त्या खेळाडूंकडून मनाचा सराव करून घेतात. मला वाटलं, डोळे मिटून बसवतील. त्यांनी विचारलं, “तुला सगळ्यात जास्त लागेल असं कोण बोलतं?”

“आत्या.”

“मग रोज तिच्यासमोर चढाई कर. राग येईल, येऊ दे. उत्तर जिभेवर आलं की ‘कबड्डी’ आणखी जोरात म्हण. काय भांडायचं ते परत आल्यावर भांड.”

मी आत्याला सांगितलं. तिनं नीट खात्री करून घेतली. “म्हंजे मी बोलाचं आन् तू गप ऱ्हायाचं?” इतकं सुख तिला जन्मात मिळालं नव्हतं.

रोज संध्याकाळी अंगणात चुन्याची रेघ आणि रेघेपलीकडे वालाचं सूप मांडीवर घेऊन आत्या. ती माझ्या चालीवर बोलली, नाकावर बोलली, मोडलेल्या सोयरिकीवरही बोलली. त्या दिवशी डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंडातून ‘कबड्डी’च आलं. जेवताना तिनं माझ्या ताटात सुरमईचा मोठा तुकडा वाढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू.

अंतिम सामना पनवेललाच होता. म्हैस, रेडा, सगळं ऐकून घेतलं. आत्यापुढे त्या बिचाऱ्या पोरी म्हणजे बालवाडी होती. शेवटी गुण बरोबरीत आले आणि शेवटची चढाई माझी. रेघ ओलांडली तर अख्खं मैदान चिडीचूप.

शांततेचा सराव मी केलाच नव्हता. ‘कबड्डी’ बारीक होत चालली. दम तुटणार, असं वाटलं.

तेवढ्यात आमच्याच लोकांतून खणखणीत आवाज आला. “तुला जमाचं नाय गो. घरा ये, वाल सोलाला.”

“मावशी, तुम्ही नक्की कोणाच्या?” कुणीतरी तिच्यावर खेकसलं. माझ्या मात्र डोक्यात तिडीक गेली, जिभेवर उत्तर आलं आणि सवयीनं ‘कबड्डी’ दुप्पट जोरात बाहेर पडली. मी कोपऱ्यातल्या पोरीला हात लावला. तिनं माझा घोटा धरला, दुसरी कमरेवर आदळली. दोघींना ओढत मी अंग लांब केलं आणि बोटं मध्यरेषेपलीकडे टेकवली.

शिट्टी झाली. जिंकलो. सगळ्या पोरी माझ्या अंगावर. निवड समितीतले दोघे उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि सर बोटानं माझ्याकडे दाखवत त्यांना काहीतरी सांगत होते. आनंदानं छाती फुटायची बाकी होती. ढिगाखालून मी मान बाहेर काढली, आत्याला शोधलं आणि इतके दिवस दाबलेलं उत्तर दिलं.

“वाल तूच सोल आता, आत्ये. मी चालली जिल्ह्याला.”

तोंडाला पदर लावून ती रडत होती.