पत्रकातली चेष्टा

भाऊ अपक्ष म्हणून आमदार झाला तेव्हा त्याच्याकडे पक्ष नव्हता, झेंडा नव्हता, आणि कार्यालय म्हणून माझ्या घराची ओसरी होती. आम्ही दोघं सौंसरच्या शाळेत एका बाकावर बसलेले; आमचा हा सीमेवरचा मराठी मुलूख हिंदी राज्यात मोडतो. सगळा मुलूख त्याला भाऊ म्हणतो म्हणून मीही म्हणतो, नाहीतर माझ्या तोंडी त्याच्यासाठी वेगळेच शब्द होते. निवडणुकीत त्याने एकच वचन दिलं होतं, की अधिवेशन संपलं की सदनात काय केलं ते छापून घरोघरी पोचवीन. कागदाच्या एका अंगाला हिंदी, दुसऱ्या अंगाला मराठी. हिंदी मजकूर तो राजधानीतूनच लिहून आणायचा. त्याचं मराठी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी मराठीचा मास्तर, आणि रिटायर मास्तराला दुसरं काम नसतं असा लोकांचा समज असतो.

खोटं कशाला बोलू, मी ते मोठ्या ऐटीत करायचो. आमच्याकडची मराठी दुकानांच्या पाट्यांवरून गेली, शाळांतूनही जात चालली. निदान या एका कागदावर ती नीट असावी असा माझा हट्ट होता. एखादी वेलांटी चुकली तरी मी छापखानेवाल्याचं डोकं खायचो. म्हणूनच पुढे जे झालं ते मला अजून खुपतं.

मोहगावच्या बाजूला एका वस्तीजवळ नाला आहे. त्याच्यावर पूल नाही, रपटा आहे. म्हणजे पाण्याच्या जेमतेम वर बांधलेला सिमेंटचा रस्ता. पावसाळ्यात पाणी त्याच्यावरून जातं. संत्र्याच्या बगिच्यातलं काम आटपून घरी येणारा एक मजूर तिथून वाहून गेला. रपटा अजून तसाच आहे.

अधिवेशनाच्या आधी त्या मजुराची बायको भाऊला भेटायला आली. साठीची असेल. वर या म्हटलं तरी पायरीवरच बसली. पदराच्या गाठीतून घडी केलेला कागद काढून तिने भाऊच्या हातात दिला.

"पूल होईल तवा होईल," ती म्हणाली. "तुमी तिथं बोलाले उभे राहाल न, तवा आमच्या घरच्यायचं नाव घ्या. मोठ्यानं घ्या."

कागदावर नवऱ्याचं नाव होतं, सुनेने लिहिलेलं. तिला ते तोंडाने सांगता येत नव्हतं. आमच्याकडे तिच्या वयाच्या बाया अजून नवऱ्याचं नाव घेत नाहीत, तो गेल्यावरही नाही. भाऊने कागद वाचला, सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि म्हणाला, "घेतो, माय." मला तेव्हा ही मागणी जरा विचित्रच वाटली. पूल मागायचा सोडून नाव कसलं मागते, असं मनात आलं.

भाऊ अधिवेशनाहून परतला तो गप्पगप्प होता. हिंदी मजकूर माझ्यापुढे टाकला आणि चहा न घेता पांढुर्ण्याला कुणाच्या तरी लग्नाला निघून गेला. मजकुरात सावरगावच्या पाण्याचं होतं, शाळांतल्या रिकाम्या जागांचं होतं, आणि अगदी शेवटी एक ओळ होती: रपटे पर पुलिया हेतु सदन में चेष्टा की गई. छापखानेवाला दारात खोळंबलेला. मी भराभर उतरवून काढलं: रपट्यावर पूल व्हावा यासाठी सदनात चेष्टा करण्यात आली.

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मराठीत काय, ते सांगायला नको. दोन भाषांच्या मधोमध राहणाऱ्या माणसाने असले शब्द जपून वापरावेत, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून पोरांना घोकवलं. आणि माझ्याच हातून तो शब्द तसाच्या तसा छापून गेला, घरोघरी वाटलाही गेला.

तीन-चार दिवसांनी ती बाई पुन्हा पायरीवर येऊन बसली. हातात आमचं पत्रक.

"गुर्जी, सुनेनं वाचून दाखवलं. तिथं आमची चेष्टा केली म्हणते."

मी कागद घेतला, ओळ वाचली आणि काय करून बसलो ते कळलं. तिला समजावून सांगितलं, की बाई, ही माझी चूक, शब्द हिंदीतला आहे, त्याचा अर्थ खटपट केली असा होतो. तिने सगळं शांतपणे ऐकलं. मग पत्रकाच्या दोन्ही अंगांवरून बोट फिरवलं.

"मंग नाव काहून नाही छापलं?"

मजकुरात नाव नव्हतंच, आणि ते का नाही हे मी भाऊला विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाऊला स्कूटरवर मागे बसवून तिच्या वस्तीवर नेलं. वाटेत त्याला बजावलं, तू काही बोलू नकोस, चूक माझी आहे, माफी मी मागतो, शुद्धिपत्र छापून टाकू. तिच्या अंगणात बाज टाकलेली होती. आम्ही बसलो, सुनेने पाणी दिलं. मी घसा खाकरून सुरुवात केली, तेवढ्यात भाऊ म्हणाला, "मास्तरची काही चूक नाही, माय. चेष्टाच झाली."

मी त्याला खुणेने थांबवायला गेलो, पण तो बोलतच राहिला.

"अपक्षाले शेवटी बोलाले भेटते. दोनच मिनटं. मी उभा राहिलो, म्हणालो, नाले को पूर आया था. पुराले हिंदीत बाढ म्हणतात, मले काय माहीत नाही? पण तोंडातून पूरच निघाला. मागून कोणीतरी बोललं, कौन सा पुर, नागपुर आया क्या? सारे हासाले लागले. हासणं थांबलं तवा घंटी वाजली. खाली बसा म्हणाले. नाव घ्याचं राहून गेलं."

मग तो खाली मान घालून म्हणाला, "मीबी हासलो, माय. सगळे हासून राहिले, तर मीबी हासलो."

मला त्याची चीड आली आणि कीवही आली. त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. राजधानीतल्या ऑफिसांत माझ्या हिंदीला लोक हसले तेव्हा मीही आयुष्यभर हसतच आलो होतो.

ती बाई रागावली नाही. सुनेला आत जायला सांगितलं आणि मग बोलली.

"मी तवा ह्याच काठाले होती. ते रपट्यावर आले, मधात आले आन् पाय गेला. मी वरडून राहिली, अवो, अवो. काठावर दहा माणसं होती जी, दहा जणायच्या बायका त्यायले अवोच म्हणतात. आमच्या घरच्यायनं इकडं पाह्यलंच नाही. पाणी किती होतं, आवाज किती होता. नाव घेतलं असतं तर मान वळवली असती. हात तरी पकडला असता कोणाचा. नाही निघालं तोंडातून. चाळीस वर्सं नाही घेतलं, ते तवा कसं निघन?"

तिला पुलाच्या आधी नाव का हवं होतं, ते मला तेव्हा कळलं. असं वाटलं की आपण सगळी वर्षं शब्द शिकवण्यात घालवली आणि 'नाव' हा एक शब्द आपल्याला समजला नाही.

भाऊने खिशातून तो कागद काढला. अजून तसाच घडी केलेला होता.

"पुढच्या वेळी नक्की घेतो," तो म्हणाला.

"तिथं जवा घ्याल तवा घ्या," ती म्हणाली. "आता इथं घ्या."

भाऊ उठला, अंगणाच्या कडेला गेला आणि त्याने नाव घेतलं. आवाज बसका निघाला.

"मोठ्यानं," ती म्हणाली.

त्याने पुन्हा घेतलं. शेजारच्या घरांतून दोन-तीन माणसं बाहेर आली आणि उभी राहिली. कुणी हसलं नाही. तिसऱ्या वेळी भाऊने नाल्याकडे तोंड करून अशी हाक मारली की त्याचा आवाज फाटला.

बाई पदर तोंडाशी धरून त्याच बाजूला पाहत होती. ओ येते का, म्हणून बराच वेळ ऐकत राहिली.