मन्मथचे वीस श्वास

पेन्शनीत आल्यावर सातव्या महिन्यात माझं नवं पोस्टिंग झालं गंगाखेडला. हुद्दा विद्यार्थी. तिथल्या एका खाजगी दवाखान्यात रुग्ण सहायकाचा सहा महिन्यांचा कोर्स निघाला होता. मी घरात बसून सगळ्यांची परेड घेतो, असं बायकोचं म्हणणं होतं, म्हणून तिनंच फॉर्म आणला. पालमहून सकाळी साडेसहाची एसटी, पावणेआठला गंगाखेड, साडेआठला हजेरी. मी आठलाच हजर असायचो.

वर्गात चौदा मुली, तीन मुलं आणि मी. वय बेचाळीस, वीस वर्षं पायदळात काढलेला हवालदार. हजेरीत माझं नाव भगवान होतं, पण पोरी मला फौजी काका म्हणायच्या आणि माझ्या ॲप्रनची इस्त्री बघून एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. शिकवायला पद्मा सिस्टर होत्या, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्या आत आल्या की मी खाडकन उभा राहायचो. त्या म्हणायच्या, "काका, बसा हो. इथं कुणी हल्ला करणार नाही."

तिसऱ्या आठवड्यात श्वसनाचा धडा सुरू झाला. दम लागलेल्या पेशंटला आडवं करायचं नाही, पाठीला आधार देऊन बसवायचं. ऑक्सिजनच्या बाटलीत पाणी खुणेपर्यंतच भरायचं. चहा गार करताना फुंकतो तसं ओठांचा चंबू करून श्वास सोडायला शिकवायचं. रबरी पुतळ्याच्या तोंडावर मास्क धरून पिशवी दाबायची, छाती वर आली की सोडायची. मी इतक्या जोरात दाबली की सिस्टर म्हणाल्या, "काका, फुगा फोडायचाय का?" सगळा वर्ग हसला. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी मला काहीतरी शिकायला मजा येत होती.

गुरुवारी सकाळी दहा वाजता आम्हाला वॉर्डात नेलं. कामगिरी सोपी होती. प्रत्येकानं एका पेशंटचे एका मिनिटातले श्वास मोजायचे. माझ्या वाट्याला दम्याचे एक आजोबा आले. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो, घड्याळ वर धरलं आणि सवयीनं आवाज चढवला.

"बाबा, ताठ बसा. हलू नका. श्वास मोजतोय."

आजोबा ताठ बसले. मी छातीवर नजर ठेवून साठ सेकंद मोजले. अठरा, म्हणजे नॉर्मल. वहीत लिहिलं आणि सिस्टरना दाखवलं. त्यांनी वही बघितली, आजोबांच्या तोंडाकडे बघितलं आणि खाटेवर त्यांच्या शेजारी बसल्या. नाडी बघतात तसा हात हातात घेतला आणि गप्पा सुरू केल्या. नातू कितवीत आहे, जेवण गेलं का. आजोबा थोडं बोलले, मग टेकून गप्प बसले. सिस्टरनी हात सोडला नाही. मिनिटानं उठून त्या माझ्याजवळ आल्या.

"बत्तीस," त्या हळूच म्हणाल्या.

"मॅडम, मी नीट मोजलेत."

"मोजलेत नीटच. पण त्यांना सांगून मोजलेत. श्वास मोजतोय हे पेशंटला कधी सांगायचं नसतं, काका. माणूस दम धरतो. त्यातून तुम्ही हुकूम सोडलात." मग त्या आजोबांकडे वळल्या. "काय आजोबा, दम धरला होता ना?"

आजोबा ओशाळले. "घरी जायाचंय मला. बरा हाय म्हनलं की सोडतेत न्हवं का?"

मुली हसल्या. माझ्या हातातली वही खाली पडली. ती उचलायला वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. मला चक्कर आली असं सगळ्यांना वाटलं. कुणीतरी पाणी आणलं. मला चक्कर आली नव्हती. मला मन्मथ दिसला होता.

आठ वर्षांपूर्वी आम्ही अकरा जण अठरा हजार फुटांवरच्या एका पोस्टवर होतो. पोस्टचा मुखिया मी. नायक मन्मथ माझा जोडीदार, राणीसावरगावचा. वय एकोणतीस, घरी एकटी आई. इतरांसमोर तो मला हवालदारसाब म्हणायचा, दोघंच असलो की दादा. त्याची सोयरीक जमली होती. बारा दिवसांनी सुट्टीवर जाऊन साखरपुडा करायचा होता. पोरीचा फोटो तो दिवसातून चारदा खिशातून काढायचा आणि मला एकदाच दाखवायचा.

पोस्टचा नर्सिंग असिस्टंट दोन दिवसांपूर्वी बोटं गोठलेल्या एका जवानाला घेऊन खाली गेला होता. त्या रात्री मन्मथ आडवा झालाच नाही. रॉकेलच्या कॅनला टेकून बसून राहिला. सकाळी मी विचारलं.

"आडवं झालं की छातीत घुरघुरायलंय, दादा," तो म्हणाला. "बसून बरं वाटायलंय. खाली कळवू नका. हॉस्पिटलात गेलो तर सुट्टी अडकल."

मी कळवलं. त्या उंचीवर फुफ्फुसात पाणी भरून माणूस काही तासांत जातो, हे आम्हाला शिकवलेलं होतं. आठ चाळीसला बेसचे कॅप्टन डॉक्टर रेडिओवर आले. आवाज तरुण होता.

"ऑक्सिमीटर की रीडिंग? ओवर."

"उंगली ठंडी है साब, मशीन नंबर नहीं दिखा रहा. ओवर."

"सांस गिनके बताओ. पूरा एक मिनट. दूसरी पोस्ट पर भी एक सीरियस है, हेलिकॉप्टर एक ही है. ओवर."

मी मन्मथसमोर उभा राहिलो. घड्याळ वर धरलं. म्हणालो, "मन्मथ, ताठ बस. हलू नको. श्वास मोजायचेत."

तो बसल्या जागी सावधान झाला. मुठी गुडघ्यांवर, हनुवटी वर, नजर समोर. साठ सेकंदांत वीस.

"किती?" त्यानं विचारलं.

"वीस."

"म्हंजी पास," तो हसला आणि पुढं कितीतरी वेळ खोकत राहिला.

मी वीस कळवलं. दुसऱ्या पोस्टवरून छत्तीस कळवलं गेलं. नऊ वीसला हेलिकॉप्टर तिकडे गेलं. आमच्याकडे दुसऱ्या फेरीत येणार होतं. दहा पन्नासला ढग उतरले आणि पोस्टवरून हेलिपॅडसुद्धा दिसेना. आम्ही ऑक्सिजन लावला, पाठीला पोती रचली, डॉक्टरांनी रेडिओवर सांगितलेली औषधं दिली. दुपारी त्याच्या ओठांवर गुलाबी फेस आला. चार वाजून दहा मिनिटांनी मन्मथ माझ्या खांद्याला टेकून गेला. ढग दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हटले.

मी त्याच्यासोबत गावी आलो. सलामी झाली, बिगुल वाजला. ते शंकराला मानणारं लिंगायत घर. त्यांच्यात बसवून माती देतात. शेताच्या कडेला त्याला बसवला तेव्हा मी खड्ड्याकडे बघितलं नाही. पोस्टवरच्या शेवटच्या रात्री तो कॅनला टेकून तसाच बसला होता. संध्याकाळी त्याची आई गिरजामाय माझा हात धरून म्हणाली, "माझं लेकरू खाली का न्हाई आणलं रे?"

मी म्हणालो, "डॉक्टरनं हेलिकॉप्टर दुसरीकडं पाठवलं, माय."

शब्द खरेच होते. मला तसंच वाटतही होतं. आठ वर्षं त्या माउलीनं रोज महादेवाला पाणी घालताना त्या डॉक्टरचं वाटोळं मागितलं आणि दर सुट्टीत मी तिच्या ओसरीवर बसून त्याला हो म्हणत गेलो. ती मला लेकाच्या जागी मानायची. तिच्या घरी माझ्यासाठी वेगळं ताट होतं.

वॉर्डातल्या त्या गुरुवारनंतर मी नऊ दिवस कुणाशी धड बोललो नाही. गप्प बसलो असतो तर जगात कुणाला काही कळणार नव्हतं. सांगितलं तर माय तुटणार होती आणि ती तुटली की मन्मथच्या घराचं दार मला बंद होणार होतं. मी गोळीबारात उभा राहिलोय, पण त्या नऊ दिवसांत मी भित्र्यासारखा वागलो. दहाव्या दिवशी रविवार होता. सकाळची एसटी धरून राणीसावरगावला उतरलो.

गिरजामाय ओसरीवर तूर पाखडत होती.

"आरं, न सांगता आलास?" ती म्हणाली. "तोंड का उतरलंय? थांब, भाकर टाकते."

"माय, आधी ऐकून घे."

मी उभ्यानंच सांगितलं. रिपोर्ट देतात तसं, वेळेसकट. आजोबांचे अठरा आणि बत्तीस. मन्मथचे वीस. मी दिलेला हुकूम. तिचे हात थांबले. सूप मांडीवर तसंच राहिलं.

"म्हंजी त्या डाक्टरचा कसूर न्हवता," ती शेवटी म्हणाली.

"नव्हता, माय. मी सांगितलेल्या आकड्यावर त्यानं ठरवलं."

"आठ वर्सं मी त्याच्या लेकराबाळाला शिव्या दिल्या. तू बसून ऐकत ऱ्हायलास आन् गप."

"मलाही माहीत नव्हतं, माय."

"त्याला फोन लाव."

माझ्याकडे नंबर नव्हता. आमच्या युनिटच्या ग्रुपवर मेसेज टाकला. वीस मिनिटांत नंबर आला. तेवढा वेळ आम्ही दोघं एका ओसरीवर बसून होतो आणि तिनं एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. फोन लागला. मी नाव, युनिट, पोस्ट सांगितली.

"नायक मन्मथ," डॉक्टर म्हणाले. "बीस."

त्यांना मराठी येत नव्हतं आणि मायला हिंदी धड येत नव्हतं. मध्ये दुभाषा मी. माझ्या हातून काय झालं ते मीच त्यांना हिंदीत सांगितलं. माय म्हणाली, "त्याला म्हण, माझ्या तोंडातनं लय वाईट गेलं. पोटात ठिवू नको." मी तेही सांगितलं.

"माँजी, गिनती कैसे की, यह मुझे पूछना चाहिए था," डॉक्टर म्हणाले. "मैंने नहीं पूछा."

मी ते मराठीत सांगितलं. मायनं मान हलवली. मग म्हणाली, "त्याला ईचार, ते दुसरं लेकरू कसं हाय?"

मला आधी कळलंच नाही. "कोणतं, माय?"

"ज्याला आणलं ते."

मी विचारलं. डॉक्टर म्हणाले की तो बरा झाला, अजून नोकरीत आहे, त्याला दोन मुली आहेत. मी मायला सांगताना माझा आवाज फुटला. मुलींचं दोनदा सांगावं लागलं.

"बरं झालं," ती म्हणाली. पदर तोंडाला लावला आणि फोन बंद कर अशी हातानं खूण केली.

ती कितीतरी वेळ रडली. मी जवळ गेलो नाही, तो हक्क आता मला आहे असं वाटत नव्हतं. रडून झाल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं.

"त्यो लहानपनापासून आसाच," ती म्हणाली. "आंगात ताप आसला तरी बरा हाय म्हनायचा. मी आई आसून फसायची. तू तर परका." 'परका' हा शब्द तिनं माझ्यासाठी पहिल्यांदा वापरला.

एसटीची वेळ झाली होती. मी पाया पडलो. तिनं डोक्यावर हात ठेवला नाही. फाटकापाशी गेल्यावर मागून हाक आली.

"भगवान, मन इतक्यात साफ न्हाई व्हायचं माझं. होईल का न्हाई, त्ये बी ठाव न्हाई." मग ती म्हणाली, "पर येत जा."

कोर्स संपला. मी आता त्याच दवाखान्यात नोकरीला आहे. सकाळच्या फेरीला पेशंटशेजारी बसतो, मनगट धरतो, पाऊसपाण्याचं विचारतो आणि त्याला न सांगता मोजतो. दिवसाला तीसेक माणसांचे श्वास मी लिहून ठेवतो आणि ते बरोबर असतात. त्या सकाळी नायक मन्मथचे खरे श्वास किती होते, ते मात्र आता कुणालाच मोजता येणार नाही.