सासुरवाडीतल्या ओल्या फळ्या

जावयानं इकडची काडी तिकडे करायची नाही, असा सोनईजवळच्या माझ्या सासऱ्यांचा दंडक आहे. त्यांच्या विहिरीवरचं जांभळाचं झाड वादळात पडलं. ते सासूबाईंनी लावलेलं, आणि सासूबाई आता नाहीत. त्याच झाडाचं आपल्या घरात जेवणाचं टेबल हवं, असं बायकोनं फर्मान काढलं. सुताराकडं द्यायचं नाही, तुम्हीच करायचं. मी नोकरीला सुप्याच्या कारखान्यात, पण सुट्टीच्या दिवशी रंधा चालवायचा मला नाद आहे.

सॉ मिलमधून फळ्या कापून सासऱ्यांच्याच दारात आणल्या. ओल्या फळ्या सावलीत रचताना दोन थरांमध्ये आडव्या पट्ट्या घालाव्या लागतात, म्हणजे वारा खेळतो. पट्ट्यांचा भारा मी नगरच्या घरून नेला होता. पण आधी पुरणपोळी, त्यावर वाटीभर तूप, मग सासऱ्यांचं "जरा आडवं व्हा, बापू." मी कसला आडवा होतोय, चक्क घोरलो. उठून बघतो तर सासऱ्यांनी गड्याला हाताशी घेऊन रिकाम्या गोठ्यात सगळ्या फळ्या एकमेकींना चिकटवून रचलेल्या, वर ताडपत्री, दोरीनं गच्च आवळलेली. माझ्या पट्ट्या बंबाशेजारी जळणात! पण म्हातारा इतका खूश होता की तोंड उघडवेना. चहा पिऊन घरी आलो.

मनाला चैन पडेना. फळ्यांना बुरशी लागली की सासूबाईंचं झाड चुलीतच जाणार. पुढच्या रविवारी न कळवता गेलो आणि थेट ताडपत्री सोडायला लागलो. फळ्यांवर पांढरी लव धरायला लागली होती.

"बापू, ह्ये काय? माझ्या दारात तुमी वझी उचलनार?" सासरे तडकले. "लोक काय म्हनतील?"

"मामा, वारा लागला नाही तर आईंचं झाड कुजेल."

"उलट वाऱ्यानं तडकंल म्हनून तर गुंडाळलं!"

मी फळी त्यांच्यापुढं धरली. त्यांनी लवेवरून बोट फिरवलं आणि ते गव्हाणीच्या कडेला टेकले.

"तिला बी असंच केलं," ते म्हणाले. "आजारपनात वारं बाधंल म्हनून खिडकी लावूनच ठिवली. लई म्हनायची, जरा उघडा की. म्या उघडली न्हाई."

ते उठले, जळणातून पट्ट्या घेऊन आले आणि त्यांनी फळीचं दुसरं टोक धरलं. पहिला थर लागला. मी त्यावर पट्टी ठेवायला गेलो.

"ती नगं, बापू," ते म्हणाले. "जाड घ्या. फट मोठी ठिवा."