खुर्ची रिकामी ठेवणारा

२०२३ साल. मला बहात्तरावं लागलं होतं आणि आमच्या सोसायटीला चार महिने चेअरमन नव्हता. तो माझ्यामुळे नव्हता, हे आता सांगायला हरकत नाही.

आधीचे चेअरमन मुलाकडे बंगळुरूला गेले. आमच्याकडे मतदान करत नाहीत, कमिटीतले सातही जण हो म्हणाले की नाव पक्कं. यंदा सहा जण तळमजल्यावरच्या रिटायर्ड प्राध्यापकांना हो म्हणाले. मी म्हणालो, नाही. मी खडकीच्या कारखान्यात छत्तीस वर्षं मशीन चालवलं. शिक्षण सातवी नापास. मी स्वतःचं नाव पुढे केलं, त्यावर प्राध्यापक बैठकीत म्हणाले होते, "आपण कशाला कागदपत्रांत पडता? झेपेल ते करावं." तेवढं पुरलं मला. म्हटलं, होईन तर मीच, नाहीतर कोणीच नाही.

तेवढ्यात लिफ्ट बिघडली. दुरुस्तीच्या करारावर चेअरमनची सही हवी. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, बायकोचे दोन्ही गुडघे गेलेले. ती चार महिने खाली उतरली नव्हती. मंडईत स्वतःच्या हाताने भाजी निवडणारी बाई, मी आणलेल्या वांग्यांना नावं ठेवत घरात बसली.

एका रविवारी नात आली. कॉलेजात राज्यशास्त्र शिकते. अमेरिकेतल्या एका राज्यावर तिला निबंध लिहायचा होता, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट. तिथे सिनेटर जनता निवडत नसे, आमदार निवडत.

"आजोबा, एक श्रीमंत माणूस अडून बसला. थोडे आमदार त्याच्या मुठीत होते, ते दुसऱ्या कोणाला निवडूच देईनात. मी नाहीतर कोणीच नाही, म्हणाला."

"शाबास! माणसाला कणा पाहिजे."

"अहो, खुर्ची रिकामी राहिली ना! राज्याच्या बाजूने बोलायला देशाच्या संसदेत कोणीच नाही."

आतून बायकोचा आवाज आला, "विचार गं तुझ्या त्या पुस्तकाला, तिथे पण कोणाची बायको तिसऱ्या मजल्यावर अडकली होती का?"

नात हसली. मला हसू येईना.

"मग झाला का तो सिनेटर?" मी विचारलं.

"नाही. शेवटपर्यंत नाही. लोक मात्र वैतागले. पुढे कायदाच बदलला, लोक स्वतः निवडायला लागले."

म्हणजे एवढं अडवून त्याच्या हातात काय आलं? मी तिला विचारलं नाही. उत्तर आत पलंगावर गुडघ्याला तेल चोळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी प्राध्यापकांची बेल वाजवली.

"तुमच्या नावाला माझा होकार लिहून घ्या. पण लिफ्टचं काम माझ्या देखरेखीखाली होणार. मशीन मला कळतं."

"अहो, मग ते तुम्हीच बघायचं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," ते म्हणाले. चहा ठेवायला सांगून त्यांनी माझ्यासमोरच मेकॅनिकला फोन लावला. तो दहाला येणार होता. मी साडेनवालाच गच्चीवर जाऊन लिफ्टच्या मशीनची खोली उघडली आणि झाडून घेतली.